शिवारातील सामाईक फुलबाग आणि आपला ऊस

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या सदरात आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी नेहमी बोलतो. या अंकात थोडा निराळा विषय घेतला आहे. फुलबाग म्हटल्यावर काही जण पान उलटतील, म्हणून आधी डांगर भोपळ्याची एक हकिगत सांगतो.

मार्च २०२२ मधली गोष्ट. आमच्या एका गटातील सभासद ऑफिसात आले. चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये वीस गुंठे डांगर भोपळा, असे त्यांचे रान. वेल जोमदार, फुले भरपूर, पण फुलामागचे फळ अंगठ्याएवढे झाले की पिवळे पडून गळायचे. टॉनिकच्या दोन बाटल्या त्यांनी आधीच मारल्या होत्या. आम्हीही रान न बघता कागदावर बोरॉन लिहून दिले. ही आमची चूक. त्यांच्या मंडळी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, औषधाचं ऱ्हाऊ द्या. एकदा सकाळच्या पारी येऊन बघा तरी."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला रानात गेलो. फुले उमललेली होती. अर्धा तास बांधावर बसलो, तर भोपळ्याच्या फुलात मुंग्यांखेरीज काही दिसेना. नर फुलातला पिवळा पराग जसाच्या तसा. तेवढ्यात त्या माउलीने एक नर फूल खुडले, पाकळ्या मागे मुडपल्या आणि ते चार-पाच मादी फुलांच्या तोंडाला लावत गेली. माहेरी आजीकडून शिकलेली युक्ती. त्या फुलांच्या देठाला लुगड्याच्या काठाचे दोरे बांधून ठेवले. आठवड्याने बघितले तर दोरेवाली फळे धरली होती आणि शेजारची गळून पडली होती. म्हणजे रोग नव्हता, खताची उणीव नव्हती. नराचा पराग मादीपर्यंत नेणारेच कोणी त्या शिवारात उरले नव्हते.

भोपळा, काकडी, कारली, दोडका या वेलवर्गात नर आणि मादी फूल वेगळे असते, हे आपण जाणताच. पराग वजनाला जड व चिकट असतो, तो वाऱ्याने जात नाही. माशीच लागते. तीही एकदा येऊन भागत नाही, पुष्कळ फेऱ्या व्हाव्या लागतात. कमी फेऱ्या झाल्या तर फळ एका अंगाने भरते व वाकडे होते, आणि बाजारात वाकड्या फळाला काय भाव मिळतो ते आम्ही सांगायला नको. सूर्यफूल, कांद्याचे बी, तीळ आणि डाळिंब यांनाही माशीची मोठी मदत असते. आपल्यातल्या बहुतेक घरांत उसाबरोबर दहा-वीस गुंठे असे काहीतरी असतेच. उसाचे बिल जमा होईपर्यंतचा घरखर्च, पोरांची फी आणि दवाखाना त्यावरच निघतो. म्हणून हा विषय ऊसकऱ्याचा नाही असे कोणी म्हणू नये.

आता माशी गेली कुठे? याचे उत्तर आपल्याच रानात आहे.

उसाला स्वतःला माशी लागत नाही. ऊस आपण कांडीपासून लावतो. त्याला तुरा आला तरी परागाचे काम वारा करतो, आणि तुरा आलेला आपल्याला नकोच असतो. पण माशीच्या बाजूने हिशेब करून बघा. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा ते अठरा महिने उभा. त्यानंतर खोडवा. एवढ्या काळात त्या एकरात माशीने खावे असे काही नाही. पूर्वी शाळूच्या कडेने करडई असायची, पावसाळी रानाला अंबाडीचा आणि तुरीचा पट्टा असायचा, बांधावर टाकळा, तरवड, एकदांडी आपोआप फुलायची. आता बांध दोन्हीकडून कोरून कोरून एक पाऊल मावेल एवढा राहिला, आणि जो राहिला त्यावर तणनाशक मारून तो लालभडक करून ठेवायची फॅशन आली. बांध स्वच्छ दिसतो खरा. गुऱ्हाळावर जाऊन बघा, काहिलीभोवती माश्यांचा थवा आणि सायीत मेलेल्या माश्या. फुलांचा हंगाम आटला की त्या बिचाऱ्या रसाच्या वासाने तिकडे जातात.

माशी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आग्या मोहोळ किंवा मधाची पेटी येते. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि झाडाच्या ढोलीत राहणारी बारीक बिनडंखाची माशी या मध साठवणाऱ्या जाती आहेत. पण जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या फार थोड्या मध करतात. बाकीच्या एकट्या राहतात. बहुसंख्य जातींची मादी जमिनीत बोटभर बीळ करून त्यात पराग भरते व अंडी घालते. काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. तुरीच्या फुलावर जो मोठा काळा भुंगा घुमतो, तो हाच. यांना पेटी नको, फक्त जवळपास फूल हवे आणि न नांगरलेली चार हात जमीन हवी.

दुसरे कारण थेट उसाचे आहे. २००२ साली लोकरी मावा आला, तेव्हा आम्ही पदविका घेऊन नोकरीला नुकतेच लागलो होतो. पानाखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी, आणि सभासदांच्या तोंडचे पाणी पळालेले. आम्ही मोटारसायकलवर गावोगाव फिरून "फवारा, फवारा" म्हणून सांगत होतो. पुरुषभर उंच उसात पंप घेऊन शिरायचे म्हणजे माणूस जायचा जीवावर. एका म्हातारबांनी ऐकले नाही. पैसेही नव्हते, हे खरे. काही आठवड्यांनी त्यांच्या प्लॉटमध्ये गेलो तर पानाखाली कोळिष्टकासारखी जाळी आणि त्यात अळ्या मावा खात बसलेल्या. ती डिफा नावाची मित्रकीड. जोडीला मायक्रोमस आणि सिरफिड माशीच्या अळ्या. ज्यांनी दोन-दोन वेळा फवारले त्यांच्याकडे मावा पुन्हा आला, आणि खाणारे कोणी शिल्लक नव्हते. पुढे डिफा आणि मायक्रोमसची पाने कापून एका रानातून दुसऱ्या रानात नेण्याचे काम आम्हीच केले. त्याआधीच्या पिढीने पाकोळीच्या बाबतीत एपिरिकॅनियाचे कोष असेच पानासकट नेऊन टाचले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

आता यात फुलाचा संबंध कुठे आला? सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण माशी स्वतः फुलातल्या मधावर व परागावर जगते. खोडकिड्यासाठी व कांडीकिड्यासाठी आपण जी ट्रायकोकार्डे लावतो, त्यातून निघणारी ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी टाचणीच्या टोकाएवढी असते. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिला मधाचा थेंब मिळाला तर ती अधिक दिवस जगते आणि अधिक अंडी घालते. नुसत्या उसात सोडली तर लवकर संपते. आपण कार्डाला पैसे मोजतो आणि त्यातून निघालेल्या कामगाराला उपाशी ठेवतो, असा हा प्रकार आहे.

या बागेने उसाचे टनेज एकरी इतके वाढेल असा आकडा आम्ही देणार नाही. तसा दावा करून औषधे विकणारे पुष्कळ आहेत.

असो. त्या भोपळेवाल्या सभासदांच्या शिवारात जून २०२२ मध्ये अकरा जणांनी मिळून पहिली फुलबाग केली, तिची हकिगत आता सांगतो. सगळे नीट झाले असे नाही.

लिफ्ट योजनेच्या हौदाशेजारी दोन गुंठे जागा पडून होती. हौदाची गळती तिथे मुरायची, म्हणून पाण्याची वेगळी सोय करावी लागली नाही. दोन गुंठे म्हणजे तेहतीस फूट बाय सहासष्ट फूट, जास्त नाही. पहिल्या वर्षी हौसेने नर्सरीतून शोभेची रोपे आणली, त्यात मोठ्या गेंदेदार फुलांचा संकरित झेंडू होता. दिसायला सुरेख, पण पाकळ्याच पाकळ्या, माशीला आत शिरायला वाट नाही आणि शिरली तरी फारसे काही हाती लागत नाही. शेजारी आपोआप उगवलेल्या एकदांडीवर मात्र फुलोरी माश्या दिवसभर. मग शेळ्या आल्या. तारेच्या कुंपणाचा खर्च कोण करणार यावर एक बैठक वाया गेली. शेवटी अडुळसा आणि निर्गुडी यांचे फाटे कडेने लावले. या दोन्हींना शेळी सहसा तोंड लावत नाही, आणि दोन्ही फुलतात. कुंपणही झाले आणि बागही.

खरे संकट ऑगस्ट अखेरीस आले. शेजारच्या आडसाली प्लॉटमध्ये टू-फोर-डी मारले गेले. वारा होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बागेतल्या चवळीचे शेंडे पिळवटले, ताग कमरेत वाकला, तिळाची पाने आक्रसली. रुंद पानाच्या पिकावर हे औषध गेले की असे होते. द्राक्षवाल्यांना आणि कपाशीवाल्यांना हा अनुभव आहेच. अकरा जण चिडून त्या सभासदाच्या दारात गेले. ते म्हणाले, "माझ्या रानात मी काय मारायचं ते तुमची फुलं ठरवणार व्हय? भांगलायला बाया मिळत न्हाईत, तण मी काय डोळ्यांनी उपटू?"

प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही काय बोलणार? औषध आमच्याच शिफारशीचे होते. शिफारशीच्या कागदावर मात्रा लिहिली होती, वाऱ्याबद्दल एक ओळही नव्हती. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. भांगलणीला माणूस मिळत नाही ही आज प्रत्येक ऊसकऱ्याची अडचण आहे. दोन संध्याकाळी चर्चा झाली, चहा झाला, आणि ठराव असा झाला: बागेला लागून असलेल्या चार सऱ्यांत तणनाशक मारायचे नाही, त्या चार सऱ्या बागेचे अकरा जण आपल्या हाताने भांगलून देतील, बाकीच्या रानात मारायचे तर सकाळी वारा पडलेला असताना, नोझल जमिनीजवळ धरून, आणि आदल्या दिवशी निरोप देऊन. हा ठराव वहीत लिहून सह्या घेतल्या. पुढच्या वर्षी ते गृहस्थ बारावे सभासद झाले. भांगलण फुकट होते म्हणून झाले असे काही जण म्हणतात. असेना का.

दुसरे भांडण शेवग्याच्या शेंगांवरून झाले. शेवगा भरभर वाढला, शेंगा लागल्या आणि एका रात्रीत कोणीतरी उतरवल्या. तेव्हापासून नियम असा, की ज्या घराची महिन्याची पाळी त्या महिन्याचे उत्पन्न त्या घराचे. कोथिंबिरीचे धणे, शेपूचे बी, शेवगा, कढीपत्ता, जे निघेल ते. पाळी करायला मग कोणी टाळाटाळ करत नाही.

मार्च २०२४ मध्ये आम्ही पुन्हा सकाळी सातला त्या भोपळ्यात जाऊन बसलो. फुलाफुलात माशी होती. नुसत्या मधमाश्या नव्हेत, एकट्या राहणाऱ्या बारीक माश्याही होत्या. आक्कांना हाताने पराग लावत बसावे लागले नाही. फळ चांगले धरले. त्या साली भाव मात्र धरला नाही, पण तो दोष बागेचा नव्हे.

ज्यांना अशी बाग करायची आहे त्यांनी जागेचा विचार आधी करावा. लिफ्टचा हौद, पंपहाऊसची कड, शाळेचे आवार, देवळामागची मोकळी जागा, क्षारपड होऊन सुटलेला कोपरा, यांतले काहीही चालेल. क्षारपडीत करंज तग धरतो. गायरान किंवा गावठाणाची जागा असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी घेऊ नये. सरपंच बदलला की तोंडी परवानगीही बदलते. नदीकाठाच्या गावांनी पूररेषेच्या वर जागा बघावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाला काय झाले ते आपण पाहिले आहे. थंडीत झाडाची सावली उत्तरेकडे पडते, म्हणून उत्तरेला कोणाचा ऊस नसून रस्ता किंवा ओढा असेल अशी जागा उत्तम. नाहीतर सावलीत ऊस बारीक राहिला म्हणून पुढे कटकट होते.

लागवडीचे सूत्र एकच ठेवा: वर्षाचा एकही महिना फुलाविना जाऊ नये. जूनमध्ये पाऊस झाला की ताग, चवळी, तीळ आणि दोन ओळी मका टाकावा. मक्याला मध नाही, पण भर पावसाळ्यात माशीला परागाचा तो मोठा आधार. चवळीवर काळा मावा येतो, तेव्हा घाबरून फवारू नका. तो मावा उसावर जात नाही. त्याला खायला ढालकिडे येतात आणि तेच ढालकिडे शेजारच्या रानात फिरतात. भाद्रपद-आश्विनात तुळस, टाकळा, साधा गावठी झेंडू आणि बोरीचा मोहोर असतो. दसऱ्याच्या सुमारास धणे, शेपू, मोहरी, बडीशेप आणि कडेने करडई पेरली की थंडी निभावते. धणे, शेपू, बडीशेप यांची छत्रीसारखी बारीक फुले ट्रायकोग्रामासारख्या चिमुकल्या जिवांना फार सोयीची, कारण मध उघड्यावर असतो, लांब सोंड लागत नाही. पुढे अडुळसा, शेवगा, मग जांभूळ, कढीपत्ता, करंज. मे महिन्यात चिंच फुलू लागते. कडक उन्हाळ्यात एका पसरट परातीत खडे घालून त्यात पाणी ठेवावे, खडे नसले तर माश्या बुडून मरतात. घाणेरी आणि गाजरगवत मात्र फूल आहे म्हणून ठेवू नका. ती एकदा शिरली की निघत नाहीत.

बागेतला दक्षिणेकडचा कोपरा, साधारण खाटेएवढा, न खणता, न भिजवता, तसाच उघडा ठेवावा. जमिनीत राहणाऱ्या माश्यांचे ते घर. आमच्या त्या बागेत एका उत्साही तरुणाने हा कोपरा ओसाड दिसतो म्हणून टोकदार फरशी बसवली होती, ती काढायला लावली. बांबूची पेरे एका बाजूने उघडी ठेवून जुडी बांधून छपराखाली टांगली तर भुंगा आणि पानकापी माशी येते. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड असेल तर त्यावर फुलपाखराच्या अळ्या दिसतील. पान थोडे खातील, खाऊ द्यावीत. आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेले नीलवंत हेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते.

ज्यांना बागेएवढी जागा नाही त्यांनी पूर्वहंगामी उसात कोथिंबिरीचे आंतरपीक घेताना कडेच्या दोन ओळी न उपटता फुलू द्याव्यात. तेवढ्यानेही फरक पडतो. पाचट जाळू नका हे दर अंकात सांगतो, तेच पुन्हा सांगतो. पाचटाखाली कोळी, भुंगेरे, गांडुळे राहतात, आणि पाचटाच्या जाळाने कडेची बागही होरपळते.

आता हुमणीचा प्रश्न. सभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर सांजवेळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला व मिलनाला जमतात. मादी नंतर आसपासच्या रानात उतरून पन्नास-साठ अंडी घालते. मग अशी झाडे लावून आम्ही हुमणीला आवतण देतो काय? आमचे म्हणणे असे: ही झाडे शिवारात आहेतच, आणि भुंगेरे निघणारच. कुठल्या झाडावर येतात हे ठाऊक असेल तर त्यांना धरता येते. बागेत कडुनिंब किंवा बोर एखादेच ठेवावे. ज्या संध्याकाळी पहिला वळीव पडेल, त्या दिवसापासून साडेसात ते नऊ या वेळात सर्वांनी मिळून खाली कापड पसरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा डिझेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हुमणीची वर्षात एकच पिढी होते, त्यामुळे एक मादी धरली म्हणजे साठ अळ्या कमी झाल्या. पण हे एकट्याने करून भागत नाही. भुंगेरा बांध ओळखत नाही. जो गट मे-जूनमध्ये झाड हलवायला तयार नसेल त्याने कडुनिंब-बोर लावू नये, फक्त करंज-शेवगा लावावा. प्रकाश सापळा लावाल तर तोही सात ते नऊपर्यंतच. रात्रभर दिवा ठेवला तर शत्रूबरोबर मित्रही मरतात.

साप येईल, डुक्कर येईल, बिबट्या येईल, अशीही भीती काही भगिनींनी बोलून दाखवली. बिबट्या आणि डुक्कर लपणीसाठी उसात शिरतात. कमरेएवढ्या फुलझाडांच्या दोन गुंठ्यांत त्यांना लपण नाही. साप शिवारात आहेतच, उंदरांच्या मागे फिरतात. धामण आणि गव्हाणी घुबड हे दोघे उसातल्या उंदरांचे मोठे वैरी, त्यांना मारू नका. बागेत पालापाचोळ्याचा ढीग वाटेजवळ करू नये, पायवाट चार फूट स्वच्छ ठेवावी, संध्याकाळी बॅटरीशिवाय जाऊ नये. फुलावरची माशी आपण होऊन चावत नाही. चावते ती मोहोळाजवळची. तोडणीच्या वेळी प्लॉटमध्ये मोहोळ दिसले तर टोळीला पेटवू देऊ नका, गट ऑफिसला कळवा.

मधाच्या पेट्या ठेवाव्यात काय, असे काही तरुण सभासद विचारतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये राज्यातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्याच्या बातम्या वाचून उत्साह आला आहे. पण मांघरच्या भोवती जंगल आहे, आपल्या भोवती ऊस. आधी दोन-तीन वर्षे फुलांची सोय करा, शिवारात दर महिन्याला फूल दिसू द्या, पेटीचे मग बघू. खायला नसताना पेटी आणणे म्हणजे चारा नसताना म्हैस आणणे.

फवारणीबाबत एवढे पाळावे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडीन ही औषधे झाडात भिनून फुलातल्या मधात व परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. उसाचे बेणे बुडवायला वापरले तर उसाच्या फुलाचा प्रश्न येत नाही, पण फुलावर आलेल्या आंतरपिकावर किंवा बांधावरच्या फुलांवर ती फवारू नयेत. इतर औषधेही फुलोऱ्यात टाळावीत. मारावेच लागले तर भोपळा, काकडी, कारली यांवर सूर्य मावळताना मारावे, तेव्हा त्या दिवसाची फुले मिटलेली असतात. दोडका आणि दुधी यांचे उलट आहे. त्यांची फुले सायंकाळी उमलतात, तेथे संध्याकाळची फवारणी अंगलट येते. सकाळी फुले मिटल्यावर फवारावे. ट्रायकोकार्ड लावल्यावर आठवडाभर त्या प्लॉटमध्ये कोणतेही कीटकनाशक नको.

तणनाशकाच्या शिफारशीच्या कागदावर वाऱ्याबाबतची सूचना आता ठळक छापली आहे. जुने कागद असतील ते बदलून न्यावेत.

ताग, चवळी, तीळ यांचे बी आणि अडुळसा-निर्गुडीचे फाटे मे अखेरीस गट ऑफिसात मिळतील. ज्या शिवारात लगतच्या किमान आठ सभासदांच्या सह्या असतील त्यांनाच ते दिले जाईल, आणि बागेच्या चारी बाजूंच्या रानमालकांची सही त्यात हवीच. त्यांच्याशी बोलणे झालेले नसेल तर आधी ते करून या.